कॉलेज बास्केटबॉल प्रत्यक्ष पाहिलंय? आठवणी सांगा (आणि एक सल्ला हवाय)

मृण्मयी_कॅरी
नमस्कार मंडळी. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो. ड्यूक, यूएनसी (युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना) आणि एनसी स्टेट ही तिन्ही विद्यापीठं आमच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत. इथे नवी ओळख झाली की गाव, नोकरी वगैरे नंतर. आधी तुम्ही गडद निळे, आकाशी की लाल, ते विचारतात. आमच्या गल्लीत एकाच घरावर दोन झेंडे आहेत, नवरा ड्यूकचा आणि बायको यूएनसीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्याकडे जेवायला जायचं तर आधी निकाल बघून जायचं असतं.

मी गेली कित्येक वर्षं हे सगळं टीव्हीवर बघत आलेय आणि मनापासून आवडतं. या हिवाळ्यात आई-बाबा सांगलीहून येतायत. बाबा कॉलेजच्या संघातून बास्केटबॉल खेळायचे, त्यामुळे त्यांना एक तरी सामना प्रत्यक्ष दाखवायचाच आहे. आईला खेळात रस नाही, पण माणसांत रस आहे.

तर दोन गोष्टी सांगा. तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेला कुठला सामना अजून डोक्यातून गेलेला नाही? आणि आई-बाबांना कुठे नेऊ? ड्यूक-यूएनसीच्या तिकिटांचे भाव पाहिले आणि ती खिडकी बंद केली.

डरहॅमचा_सुहास
पहिला नंबर माझा! ड्यूकला मास्टर्स केलं. ड्यूकचं कॅमेरॉन इन्डोअर स्टेडियम १९४० सालचं आहे आणि त्यात फक्त ९,३१४ माणसं मावतात. बाहेरून बघितलं तर दगडी चर्च वाटतं. आत विद्यार्थी अगदी कोर्टाच्या रेषेला चिकटून उभे असतात. बाहेरून चेंडू आत टाकायला आलेल्या पाहुण्या खेळाडूच्या पाठीमागे वीतभर अंतरावर शंभर हात वळवळत असतात. टीव्हीवर ते गमतीचं दिसतं, तिथे उभं राहिलं की त्या खेळाडूच्या धैर्याचं कौतुक वाटतं.

तिकिटासाठी अंडरग्रॅडची पोरं तंबू ठोकून राहतात हे बहुतेकांना माहीत असेल. १९८६ पासूनची प्रथा आहे. प्रशिक्षक माइक शशेफ्स्कींच्या नावावरून त्या वस्तीला 'शशेफ्स्कीव्हिल' म्हणतात, एका तंबूत बारा जणांपर्यंत नावं, आणि जानेवारीच्या थंडीत पाळ्या लावून झोपायचं. पण आम्हा ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांचं वेगळं असतं. सप्टेंबरात एका वीकेंडला पार्किंगमध्ये मुक्काम. रात्री-बेरात्री केव्हाही भोंगा वाजतो, धावत जाऊन हजेरी द्यायची. हजेरी चुकली की बाद. शेवटपर्यंत टिकलेल्यांची सोडत निघते आणि ज्याचं नाव येईल त्याला सीझनची तिकिटं विकत घ्यायची मुभा मिळते. आमच्या गटात एक नाशिकची, एक हैदराबादचा, दोन चिनी आणि एक स्पॅनिश मुलगा होता. पहाटे भोंगा वाजल्यावर नाशिकची सगळ्यांना हाका मारून उठवायची, नंतर तो स्पॅनिश मुलगाही 'ऊठ ऊठ' म्हणायला लागला. आजही आमच्या ग्रुपचं नाव तेच आहे.

आकाशी_निळा
सुहासराव, ५ मार्च २०२२ बद्दल काही लिहिलं नाहीत? :) शशेफ्स्कींचा कॅमेरॉनवरचा शेवटचा सामना, माजी खेळाडूंची रांग लागलेली, आणि यूएनसी ९४, ड्यूक ८१.

डरहॅमचा_सुहास
मी त्या दिवशी आतच होतो. सामना संपल्यावरही कोणी घरी गेलं नाही. हरलो म्हणून रडत होतो की ते जाणार म्हणून, ते आजही सांगता येत नाही.

आकाशी_निळा
हे वाचून चिडवायची इच्छाच गेली. पण त्यानंतर महिन्याभरात न्यू ऑर्लिन्सला फायनल फोरमध्ये (राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी) पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले, २ एप्रिलला, आणि आम्ही ८१-७७ ने जिंकलो. मी न्यू ऑर्लिन्सला नव्हतो, चॅपल हिलला फ्रँकलिन स्ट्रीटवर होतो. शेवटचा बझर वाजला आणि दोन्ही बाजूंच्या बारमधून, हॉस्टेलांमधून माणसं रस्त्यावर ओतली. कुठे वळायचं ते आपल्या हातात राहतच नाही. ओळख ना पाळख, लोक मिठ्या मारत होते. मी अमेरिकेत येऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. 'हे आपलं गाव आहे' असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

लॉरेन्सवासी
आणि दोनच दिवसांनी फायनलला काय झालं तेही लिहा की! अर्ध्या वेळेला यूएनसी ४०-२५ ने पुढे. आम्ही कॅन्ससवाले सोळा गुणांच्या पिछाडीवरून येऊन ७२-६९ ने जिंकलो. फायनलच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं पुनरागमन. आमच्या लॉरेन्समध्ये त्या रात्री मॅसॅच्युसेट्स स्ट्रीट भरून वाहत होता.

पण मला सांगायचाय तो सामना वेगळा. १३ फेब्रुवारी २०१७, आमचं ॲलन फील्डहाउस, वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध. तीन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला आणि आम्ही चौदाने मागे. माझ्या शेजारच्या आजोबांनी कोट घातला, टोपी घातली, पण उठले नाहीत. म्हणाले, मी १९५५ साली हे स्टेडियम उघडलं तेव्हापासून येतोय, इथून लवकर निघायचं नसतं. मग एक चोरलेला चेंडू, एक थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट), पुन्हा एक चोरलेला चेंडू. ओव्हरटाइम. ८४-८०. त्याच रात्री तिथे आवाजाचा गिनीज विक्रम नोंदला गेला, १३०.४ डेसिबल. कानात घुमत राहणं म्हणजे काय ते दुसऱ्या दिवशी लेक्चरला कळलं. आणि सामन्याच्या शेवटी 'रॉक चॉक, जेहॉक, केयू' हे इतकं संथ लयीत म्हणतात, जवळजवळ प्रार्थनेच्या सुरात, की अंगावर काटा येतो.

नागपाड्याचा_इम्रान
लॉरेन्सवासी, तुमच्या गावात जेम्स नेस्मिथ यांची कबर आहे ना? तिथे कधी गेलात का?

मी मुंबईहून. लहानपण नागपाड्यात गेलं. बाकीच्या मुंबईत पोरांच्या हातात बॅट, आमच्याकडे बास्केटबॉल. संध्याकाळी बच्चू खान ग्राउंडवर जागा मिळायची नाही. अब्बास मुंतसिर यांना सगळा मोहल्ला मान द्यायचा, भारताचे कर्णधार आणि अर्जुन पुरस्कार विजेते, आमच्याच गल्ल्यांतले. नेस्मिथनी १८९१ साली स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत हा खेळ तयार केला आणि वायएमसीएच्याच माणसांनी तो जगभर नेला. नागपाड्यातही वायएमसीए आहे. म्हणजे तुमचं कॅन्सस आणि आमचं नागपाडा एकाच झाडाच्या दोन फांद्या.

एनसीएएची (कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची) फायनल आपल्याकडे सकाळी सहा-सातच्या दरम्यान सुरू होते. आम्ही मित्र चहा-ब्रून मस्का घेऊन एकत्र बघतो आणि मग कामावर जातो. प्रत्यक्ष बघायचं अजून स्वप्न आहे. लिहीत राहा सगळे, मी प्रत्येक अक्षर वाचतोय.

लॉरेन्सवासी
इम्रानभाई, हो, गेलोय. आणि गंमत अशी की खेळाचा जनक असलेले नेस्मिथ हे कॅन्ससचे पहिले प्रशिक्षक, आणि विजयांपेक्षा पराभव जास्त असलेले कॅन्ससचे एकमेव प्रशिक्षकही तेच: ५५ विजय, ६० पराभव. त्यांना जिंकण्या-हरण्यापेक्षा पोरांनी खेळावं याचीच ओढ होती. त्यांचे टाइप केलेले मूळ तेरा नियम फील्डहाउसशेजारच्या इमारतीत काचेत ठेवलेत. या कधीतरी. राहायची, खायची सोय माझ्याकडे.

पुणेरी_प्रेक्षक
मला हा खेळ कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये. सगळे आवाजाबद्दल लिहितायत म्हणून विचारतो, नाट्यगृहात पुरुषोत्तम करंडकाला 'अरे आव्वाज कुणाचा' होतं, त्या जातीचं आहे का हे?

सिराक्यूजची_हिमांगी
@पुणेरी_प्रेक्षक, अगदी त्याच जातीचं! मी पुरुषोत्तमला भरत नाट्यमध्ये घसा बसेपर्यंत ओरडलेय आणि सिराक्यूजलाही. आपलं कॉलेज म्हणजे आपणच, ही भावना तीच. फरक एवढाच की तिथे पडदा वर गेला की शांत व्हायचं, इथे सामना सुरू झाला की खरा आवाज सुरू होतो.

आमच्याकडची एक पद्धत सांगते. सामना सुरू झाला की सगळे उभे राहून एका तालात टाळ्या वाजवतात आणि सिराक्यूजची पहिली बास्केट पडेपर्यंत कोणी बसत नाही. कधी कधी चार-चार मिनिटं बास्केट पडत नाही, हात लाल होतात. आणि हे हजार-दोन हजार लोक नाहीत. आमचं स्टेडियम मुळात फुटबॉलचं, छत असलेला डोम. २३ फेब्रुवारी २०१९ ला ड्यूकविरुद्ध ३५,६४२ प्रेक्षक होते, कॅम्पसवरच्या सामन्यासाठी तो विक्रम. मी अगदी वरच्या रांगेत होते, खेळाडू मुंग्यांएवढे, पण त्या टाळ्यांचा ताल पायांतून वर चढत होता.

बाहेर उणे पंधरा आणि कमरेएवढा बर्फ. नोव्हेंबर ते मार्च त्या गावात लोकांना घराबाहेर काढणारी ही एकच गोष्ट होती.

पर्ड्यूकर_अभिजीत
या धाग्यावर पर्ड्यू कुठे आहे? मी लिहितो. पण माझी सगळ्यात घट्ट आठवण हरण्याची आहे. १७ मार्च २०२३, कोलंबस, ओहायो. आम्ही पहिल्या मानांकनाचे, समोर सोळाव्या मानांकनाची फेअरली डिकिन्सन. आमच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी, त्यांचा संघ सगळ्या डिव्हिजन एकमध्ये (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) सगळ्यात बुटका. ६३-५८. आम्ही गाडीने परत येताना इंडियानाची हद्द लागेपर्यंत कोणी बोललं नाही.

आणि म्हणूनच पुढचं वर्ष इतकं मोठं वाटतं. ईडी परत आला. त्याला एनबीएचा रस्ता धरता आला असता, पण तो परत आला. डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध त्याने चाळीस गुण केले आणि १९८० नंतर पहिल्यांदा आम्ही फायनल फोरला पोचलो. मी डेट्रॉइटला होतो. माझ्यापुढे बसलेला पासष्टीचा माणूस, जिंकलेले खेळाडू प्रथेप्रमाणे बास्केटची जाळी कापताना बघून हुंदके देत होता, त्याची मुलगी त्याची पाठ थोपटत होती. फायनल युकॉनविरुद्ध ७५-६० ने गेली. चालेल. ते दृश्य कुणी काढून घेऊ शकत नाही.

बाल्टिमोरकर
सोळावा मानांकित? मग आमचा हक्काचा विषय. १६ मार्च २०१८, शार्लट. यूएमबीसी (युनिव्हर्सिटी ऑफ मेरिलंड, बाल्टिमोर काउंटी) ७४, व्हर्जिनिया ५४. पुरुषांच्या स्पर्धेत तोवर सोळाव्या मानांकिताने पहिल्याला कधीच हरवलेलं नव्हतं. आमचं विद्यापीठ बुद्धिबळासाठी प्रसिद्ध! हाफटाइमला २१-२१ होतं आणि मी रूममेटला म्हटलं, हरलो तरी चालेल, एवढं पुरे. त्यानंतर पोरांनी ५३ गुण केले.

मी शार्लटला नव्हतो, पण कॅम्पसवर होतो. आमचे निम्मे मास्टर्सवाले ज्यांनी आयुष्यात बास्केटबॉल बघितला नव्हता, ते त्या रात्री अंगणात नाचत होते. दुसऱ्या दिवशी आईचा फोन, 'अरे तुझ्या कॉलेजचं नाव पेपरात आलंय.' रत्नागिरीत!

पर्ड्यूकर_अभिजीत
@बाल्टिमोरकर, तुमच्यामुळे आमच्याबद्दल लिहिताना सगळे 'इतिहासात दुसऱ्यांदा' असं लिहितात. तेवढाच आधार :) आणि व्हर्जिनियाचं कौतुक आहे, पुढच्याच वर्षी ते चॅम्पियन झाले. आम्ही २०२३ नंतर त्यांच्याकडेच बघत होतो.

जर्सीचा_केदार
अभिजीतराव, ९ डिसेंबर २०२१ पण लिहू का? पर्ड्यू त्यांच्या इतिहासात पहिल्यांदा देशात क्रमांक एक झालं आणि त्याच आठवड्यात रटगर्सला आलं. आमचं स्टेडियम आठ हजारांचं, पण छत तिरकं, आवाज कोंडून राहतो. शेवटच्या सेकंदाला रॉन हार्पर ज्युनिअरने अर्ध्या कोर्टावरून फेकला. ७०-६८. मी मुलाला खांद्यावर घेऊन उभा होतो. तो आता रोज अंगणात तोच शॉट मारायचा प्रयत्न करतो.

पर्ड्यूकर_अभिजीत
लिहिलंतच की.

आयोवाची_अनघा
इतके प्रतिसाद झाले आणि अजून एकानेही मुलींच्या खेळाबद्दल लिहिलं नाही! मी लिहिते.

आयोवा सिटीचं कार्व्हर-हॉकआय जमिनीत खोल उतरलेलं आहे. दारातून आत शिरता तेव्हा तुम्ही सगळ्यात वरच्या पायरीवर असता आणि कोर्ट खाली विहिरीच्या तळाशी दिसतं. १५ फेब्रुवारी २०२४, मिशिगनविरुद्ध. आमच्या केटलिन क्लार्कला महिलांचा एनसीएए गुणविक्रम मोडायला आठ गुण हवे होते. अडीच मिनिटांच्या आत झाले. आठवा गुण पार करणारा शॉट तिने मधल्या बोधचिन्हाजवळून मारला, इतक्या लांबून की शेजारची बाई 'नको नको' म्हणाली आणि चेंडू जाळीत. त्या रात्री तिचे ४९ गुण झाले.

माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. तिच्या आजूबाजूला नुसत्या मुलीच मुली, पाठीवर २२ नंबर. त्यांच्यासोबत मुलगेही, त्यांच्याही पाठीवर २२. एका मुलीचा सामना बघायला अख्खं राज्य लोटतं हे तिला मुळीच आश्चर्याचं वाटत नाही, तिने तेच पाहिलंय. त्याआधी ऑक्टोबरात फुटबॉलच्या किनिक स्टेडियमवर उघड्यावर सामना ठेवला होता, ५५,६४६ लोक आले. वारा असा की फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) हलत होते. मी मुलीला रजईत गुंडाळून नेलं होतं.

टेम्पेचा_ओंकार
अनघाताई, सुंदर लिहिलंय.

फ्री थ्रोवरून आठवलं. आमच्या ॲरिझोना स्टेटला विद्यार्थी बास्केटच्या मागे एक काळा पडदा घेऊन बसतात. पाहुणा खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा राहिला की पडदा सरकतो आणि आतून काहीही निघतं, युनिकॉर्नचे मुखवटे, पोट वाजवणारा माणूस, काहीही. जानेवारी २०१६ मध्ये ओरेगन स्टेटविरुद्ध पडदा उघडला आणि आतून पोहण्याच्या चड्डीत, गळ्यात पदकं घातलेला ऑलिंपिक जलतरणपटू मायकल फेल्प्स बाहेर आला. तो तेव्हा टेम्पेलाच सराव करत होता. समोरच्या खेळाडूचे दोन्ही फ्री थ्रो चुकले. मी समोरच्या बाजूला होतो. त्याच्या जागी कोणीही असता तरी चुकले असते.

पुणेरी_प्रेक्षक
पोट वाजवणारा माणूस पुरुषोत्तमला आणला तर परीक्षक बाहेर काढतील. पण एक विचारतो, एनबीएमध्ये जगातले सगळ्यात चांगले खेळाडू असताना हे का बघायचं?

जुना_खेळाडू
थोडं मोठं लिहितो. मी इथे ऐंशीच्या दशकापासून आहे.

एनबीए अठ्ठेचाळीस मिनिटांचं, चोवीस सेकंदांत शॉट. कॉलेज चाळीस मिनिटांचं, तीस सेकंद. पोरं अठरा-वीस वर्षांची, चुका करतात, त्यामुळे कुठलाही सामना कुठेही वळतो. आणि मार्चमध्ये एकच संधी. एनबीएत सात सामन्यांची मालिका असते, चांगला संघ बहुतेकदा जिंकतोच. इथे अडुसष्ट संघ, एक हार आणि घरी.

पूर्वी शॉट क्लॉकही नव्हतं. डीन स्मिथचा यूएनसीचा संघ आघाडी मिळाली की चार कोपऱ्यांत उभा राहून नुसता चेंडू फिरवायचा. १९८२ ची एसीसी (ड्यूक, यूएनसी, एनसी स्टेट ज्यात खेळतात ती लीग) फायनल ४७-४५ अशी संपली. त्याच वर्षी जॉर्जटाउनविरुद्ध फायनलला एका पहिल्या वर्षाच्या पोराने विजयी शॉट मारला, ६३-६२. तो मायकल जॉर्डन.

पण मला आताची एक गोष्ट मनापासून सलते. २०२१ पासून खेळाडूंना नाव-प्रतिमेच्या वापराचे (जाहिराती वगैरे) पैसे घेता येतात आणि आता दर वर्षी विद्यापीठही सहज बदलता येतं. पैसे मिळावेत, त्यांच्या घामावर विद्यापीठं गब्बर झाली, ते योग्यच. पण पहिल्या वर्षी लाजरा आलेला पोरगा चौथ्या वर्षी कर्णधार होताना पाहायचा, हा त्यातला माझा सगळ्यात मोठा आनंद होता. आता ऑक्टोबरात नवी यादी पाठ करावी लागते.

आयोवाची_अनघा
काका, पटतं, पण अर्धंच. प्रशिक्षक नोकरी बदलून दुप्पट पगार घेतात तेव्हा त्यांना कोणी निष्ठा विचारत नाही. मग एकोणीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला का? ज्या मुलीला एका जागी खेळायलाच मिळत नाही तिने चार वर्षं बाकावर का बसावं?

जुना_खेळाडू
अनघा, तुझा प्रश्न रास्त आहे आणि माझ्याकडे त्यावर चांगलं उत्तर नाही. मला नियम जुने परत नको आहेत. ती ओळखीची पोरं हवी आहेत.

लाल_लांडगा
मृण्मयीताईंचा मूळ प्रश्न कुठे राहिला! मी रालीचाच, एनसी स्टेटचा, आणि आमच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून आलो.

२०२४ चा मार्च. आमचे १७ विजय, १४ पराभव, शेवटचे चार सामने हरलेले, एसीसीत दहावे. एसीसी स्पर्धा जिंकायला वॉशिंग्टनला पाच दिवसांत पाच सामने जिंकावे लागणार होते. जिंकले! व्हर्जिनियाविरुद्ध मायकल ओकॉनलचा बझरवरचा थ्री पाटीला लागून आत, मग ओव्हरटाइम. फायनलला यूएनसीला ८४-७६ ने हरवलं. तिथून पुढे डॅलसला ड्यूकला हरवून थेट फायनल फोर, १९८३ नंतर पहिल्यांदा. डीजे बर्न्स हा अंगाने भरलेला, सतत हसणारा डावखुरा माणूस, पाठ लावून हळूहळू मागे ढकलत न्यायचा आणि अलगद सोडायचा. त्याच वर्षी आमच्या मुलीही फायनल फोरला! कॅम्पसवरचा बेलटॉवर लाल दिव्यांनी उजळलेला असायचा, आम्ही पोराबाळांना घेऊन तिथे जाऊन उभे राहायचो.

आता सल्ला. आई-बाबांना रेनॉल्ड्स कॉलिझियमला न्या, एनसी स्टेटच्या मुलींच्या सामन्याला. १९४९ चं जुनं विटांचं स्टेडियम, साधारण साडेपाच हजार जागा, कुठेही बसा, जवळूनच दिसतं. तिकीट परवडतं. वातावरण तर विचारूच नका.

आणि जमलं तर फेब्रुवारीतला गुलाबी सामना पाहा. के याओ आमच्या मुलींच्या प्रशिक्षक होत्या, १९७५ पासून २००९ ला जाईपर्यंत. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला सुवर्ण मिळवून दिलं, आणि त्याच्या आदल्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळलं होतं. रेनॉल्ड्सच्या कोर्टला त्यांचं नाव आहे. त्यांच्या स्मरणार्थ होणाऱ्या या सामन्यात हाफटाइमला कर्करोगातून बाहेर आलेल्या बायका कोर्टवर येतात, आणि सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवतं. तुमच्या आईंना माणसांत रस आहे म्हणालात, म्हणून लिहिलं.

डरहॅमचा_सुहास
लाल लांडग्याशी सहमत व्हायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण +१. कॅमेरॉनला यायचंच असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमधला एखादा लहान संघाविरुद्धचा सामना धरा. एका पुनर्विक्रीच्या साइटवर माझ्या मित्राला मोठ्या सामन्याचं खोटं तिकीट मिळालं होतं, तेव्हा विद्यापीठाच्या अधिकृत तिकीट विभागातूनच घ्या.

आकाशी_निळा
यूएनसीच्या डीन डोममध्ये पण जागा मिळते, २१,७५० जागा आहेत. पण बाबा स्वतः खेळलेले असतील तर लहान स्टेडियमच बरं. त्यांना पायांची हालचाल बघायची असणार.

सिराक्यूजची_हिमांगी
आणि पारदर्शक पिशवीचा नियम आधी वाचा, बहुतेक ठिकाणी मोठी पर्स आत सोडत नाहीत. माझ्या सासूबाईंचा भडंगाचा डबा दारात अडला होता. औषधं असतील तर पाकिटासकट न्या आणि दारात सांगा.

मृण्मयी_कॅरी
किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना फोनवर वाचून दाखवलं. नेस्मिथच्या ५५-६० वर ते बराच वेळ बोलत होते, आणि इम्रानभाई, त्यांच्या वेळी मुंबईला स्पर्धेसाठी गेले की नागपाड्याच्या संघासमोर सगळे टरकायचे म्हणे.

लाल लांडगा, तुम्हाला माहीत नव्हतं, पण आईला सहा वर्षांपूर्वी तोच आजार झाला होता. आता उत्तम आहे. गुलाबी सामन्याची चार तिकिटं काढली. बाबांसाठी डिसेंबरात एक यूएनसीचाही बघू.

नागपाड्याचा_इम्रान
बाबांना माझा सलाम सांगा. कुठल्या साली आले होते विचाराल का? माझे मामू त्या काळात खेळायचे.

लाल_लांडगा
ताई, आम्हीही त्या सामन्याला असतो, सेक्शन सात-आठच्या आसपास. पार्किंग कॅम्पसवर मिळणं अवघड होतं त्या दिवशी. कॅरीहून येताना मला कळवा, एका गाडीत जाऊ. माझी सात जणांची आहे.

मृण्मयी_कॅरी
चालेल! व्यनि करते. इम्रानभाई, बाबा म्हणतात १९७१ किंवा ७२. नक्की साल जुन्या फोटोमागे लिहिलंय, तो सांगलीला आहे. आई शोधून पाठवतेय.